शपथ घेणारे मोजले, दारू सुटलेले कोणी मोजले?



२०१२ सालच्या भीमजयंतीला आमच्या वस्तीत दारूमुक्तीची मोठी सभा झाली. विहारासमोर मांडव, लाऊडस्पीकर, पाहुणे, सगळे साग्रसंगीत. पंचशील सर्वांनी उभे राहून म्हटले आणि ४१ पुरुषांनी व्यासपीठावर येऊन दारू सोडण्याची शपथ घेतली. आयाबायांच्या डोळ्यांत पाणी आले. मंडळाचा चिटणीस म्हणून वार्षिक अहवाल मीच लिहिला. त्यात वाक्य होते, 'यंदा मंडळाने ४१ कुटुंबे दारूमुक्त केली.' टाळ्या पडल्या आणि अहवाल मंजूर झाला.

त्या ४१ जणांत आमच्या शेजारचा एक दादा होता. सकाळी तोंड धुण्याआधी घोट घेणारा. त्याने शपथ मनापासून घेतली. तिसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरू लागले, अंगाला घाम फुटला, भिंतीवर मुंग्या चालताहेत असे तो सांगू लागला. रात्री फिट आली. वहिनी ओरडत आमच्या दारात आल्या. रिक्षात घालून आम्ही त्याला इस्पितळात नेले. तो वाचला, पण डॉक्टरांनी आम्हाला चांगलेच फैलावर घेतले. रोज, सकाळपासून पिणाऱ्या माणसाची दारू औषधाशिवाय एकदम तोडायची नसते. जीव जाऊ शकतो. दादाने शपथ मोडली नव्हती. पाळली, म्हणून तो मरणाच्या दारात गेला होता.

मी बी.कॉम. झालेला कारकून आहे. कचेरीत पाच रुपयांचा खर्चसुद्धा व्हाउचरशिवाय मी पास करीत नाही. आणि इथे ४१ घरांची नोंद मी एकाही घरात न जाता केली होती. पुढे तीन महिन्यांनी कोण पीत होते, कोण नाही, हे मला माहीत नव्हते. मंडळात कोणालाच नव्हते.

काही वर्षांनी एका आरोग्य शिबिरात एका डॉक्टरताईंना मी हे सांगितले. त्या हसल्या नाहीत. त्यांनी गोव्यात झालेल्या एका अभ्यासाची झेरॉक्स माझ्या हातात दिली. इंग्रजी जड होते, महिनाभर डोके खाजवले. पण हिशेबाची भाषा कारकुनाला कळते.

गोव्यात 'संगाथ' नावाची संस्था आहे. १९९६ साली सुरू झाली. डॉ. विक्रम पटेल हे तिच्या संस्थापकांपैकी. या संस्थेने डॉ. अभिजित नाडकर्णी आणि सहकाऱ्यांमार्फत पिणाऱ्या पुरुषांसाठी एक समुपदेशन तयार केले. ते देणारे डॉक्टर नव्हेत, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हेत. शालेय शिक्षण झालेली, स्थानिक भाषा बोलणारी साधी माणसे निवडून त्यांना शिकवले. एकेक बैठक अर्ध्या-पाऊण तासाची, जास्तीत जास्त चार बैठका. त्यात रागावणे नाही, शपथ नाही. तू किती पितोस आणि त्याने तुझे काय काय चालले आहे हे त्याच्यासमोर मांडायचे. सोडायचे की कमी करायचे ते त्याच्या तोंडून येऊ द्यायचे. मग मित्राने ग्लास पुढे केला तर नाही कसे म्हणायचे, तलफ आली तर काय करायचे, घसरलास तर परत कसे उठायचे, याचा सराव.

ही पद्धतही कोणा एकाच्या डोक्यातून एका रात्रीत निघाली नाही. आधी जगात कशाचा उपयोग झाला ते वाचले, भारतातल्या जाणकारांना विचारले. मग थोड्या रुग्णांवर तज्ज्ञांनी करून पाहिले, मग साध्या समुपदेशकांनी आरोग्य केंद्रात, मग एक छोटी चाचणी, आणि शेवटी मोठी. बैठकींचे ध्वनिमुद्रण होई आणि समुपदेशकच एकमेकांच्या टेपा ऐकून गुण देत. आमच्या मंडळात एकाने दुसऱ्याच्या भाषणाला गुण दिले असते तर दोन गट पडले असते!

मोठ्या चाचणीत २०१३ ते २०१५ या काळात गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेले ३७७ पुरुष घेतले. ते कसे निवडले? जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. किती वेळा पिता, एका वेळी किती, पिण्यामुळे काम चुकले का, दुसऱ्या दिवशी पश्चात्ताप झाला का, असे प्रश्न. प्रत्येक उत्तराला ० ते ४ गुण, म्हणजे एकूण ४०. तिचे नाव 'ऑडिट'. मला हसूच आले. आठ किंवा जास्त गुण म्हणजे धोका. चाचणीत १२ ते १९ गुणांचे पुरुष घेतले. २० आणि वरचे, म्हणजे दारूच्या पूर्ण आहारी गेल्याचा संशय असणारे, यात घेतलेच नाहीत. आमचा दादा त्या वरच्या खान्यातला होता आणि आम्ही त्याला सगळ्यांच्या रांगेत उभे केले.

आता मुख्य गोष्ट. त्या ३७७ जणांचे बंद पाकिटातल्या चिठ्ठीने दोन गट केले. एका गटाला समुपदेशन, दुसऱ्याला नाही. माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो तुमच्याही येईल. गरिबांवर प्रयोग? अर्ध्यांना वाऱ्यावर सोडले? तसे नव्हते. दुसऱ्या गटातल्या माणसाचीही तपासणी केंद्रातल्या डॉक्टरांना कळवली होती आणि काय करावे याची मार्गदर्शिका त्यांच्या हाती दिली होती. संमती घेतल्याशिवाय कोणाला घेतले नाही. आणि समुपदेशनाने भले होते हे त्या घडीला कोणालाच ठाऊक नव्हते. आमच्या शपथेने तरी दादाचे कुठे भले झाले होते?

चिठ्ठी कशासाठी, तर सोडायची जिद्द असलेले सगळे एकाच गटात जाऊ नयेत म्हणून. आमच्या सभेत व्यासपीठावर कोण चढले? ज्यांचे मन आधीच वळले होते तेच. त्यातले काही सभा नसती तरी सुधारले असते.

तीन महिन्यांनी ३३६ जण परत भेटले. विचारणाऱ्याला कोण कोणत्या गटातला हे ठाऊक नव्हते, म्हणजे आपल्या माणसाला झुकते माप मिळायला नको. मागच्या चौदा दिवसांचा, एकेका दिवसाचा जमाखर्च विचारला. बैठका अर्धवट सोडणाऱ्यांनाही त्यांच्याच गटात धरले. समुपदेशनाच्या गटातले १६४ पैकी ५९ पुरुष आठ गुणांच्या खाली आले, म्हणजे शंभरात ३६. नुसत्या नेहमीच्या उपचाराच्या गटात १७२ पैकी ४४, म्हणजे शंभरात २६.

या २६ वर मी फार वेळ थांबलो. शंभरातले २६ समुपदेशनाशिवाय सुधारले. माणूस आरोग्य केंद्रात येतो तो बहुधा पिणे टोकाला गेलेले असताना. पुढे आजार उतरतो, डॉक्टरांचा शब्द लागतो, खिसा रिकामा होतो, घरात मुलगी मोठी होते, आणि तो आपोआप थोडा खाली येतो. दुसरा गट नसता तर ३६ च्या ३६ आपल्या नावावर जमा झाले असते. खरी कमाई शंभरात दहाची. आमच्या अहवालात ती ४१ पैकी ४१ होती.

दहा ही रक्कम लहान समजू नका. मागचे चौदा दिवस थेंबही न घेतलेले शंभरात ४२ निघाले, दुसऱ्या गटात १८. वर्षाने पुन्हा विचारले तेव्हा आठ गुणांच्या खाली असलेले शंभरात ५४ विरुद्ध ३२ होते. चार बैठकांच्या बोलण्याने वर्षभर टिकणारा फरक! अर्थात हे सगळे पिणाऱ्याच्या तोंडचे आहे, आणि पिणारा खोटे बोलू शकतो. पण तो दोन्ही गटांत बोलेल, एवढे धरून चालता येते.

आणखी एक गोष्ट त्यांनी लपवली नाही. जे पीत राहिले त्यांचे प्रमाण कमी झाले नाही, आणि बायकोला होणाऱ्या मारहाणीत तीन महिन्यांनी फरक दिसला नाही. हे मी महिला मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवले तेव्हा एक ताई शांतपणे म्हणाल्या, "दारू सुटली की मार थांबतो, हे भाऊ तुम्हीच स्टेजवरून सांगत होता ना?" मला उत्तर देता आले नाही. मारहाणीचे काम वेगळे करावे लागेल असे त्या दिवशी ठरले.

२०२४ च्या जानेवारीत आम्ही सभा न घेता एक वही घातली. २३ पुरुषांना तेच दहा प्रश्न विचारले. चौघांचे गुण वीसच्या वर भरले, त्यांना शपथ न देता सरकारी इस्पितळात डॉक्टरांकडे पोचवले. उरले १९. त्यांच्याकडे कार्यकर्ते आळीपाळीने जाऊन बसले, भाषण न करता. एप्रिलमध्ये विचारायला दुसऱ्या वस्तीतल्या एका शिक्षिकाबाईंना बोलावले, कारण मंडळाच्या माणसाला सगळे 'सोडली' असेच सांगतात. तेरा जण भेटले. त्यातले चार आठ गुणांच्या खाली होते. ते चार आमच्यामुळे सुधारले का, हे मला सांगता येणार नाही. दुसरा गट आमच्याजवळ नव्हता.

विहारातल्या बैठकीत मी 'एकोणीसपैकी चार' असे वाचले तेव्हा कुजबुज झाली. एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, "भेटलेच तेरा, तर तेरापैकी चार लिही. बरे दिसेल." मी म्हणालो, काका, न भेटलेले सहा बहुधा पीतच असतील, त्यांना वहीतून कसे काढू? यावर बरीच वादावादी झाली. अहवालात एकोणीसच राहिले.

बैठक संपल्यावर मागे बसलेल्या एक वहिनी थांबल्या. त्या सहांतला एक त्यांचा नवरा. तो नाशिकला भावाकडे आहे म्हणाल्या, आणि वहीच्या मागच्या पानावर त्यांनी भावाचा पत्ता लिहून दिला.