राज्याचं फुलपाखरू, पण हाक कशी मारायची?

महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू, राज्यपक्षी हरियाल, राज्यवृक्ष आंबा आणि राज्यफूल ताम्हण. ही चारही नावं आपल्या तोंडात सहज बसतात. २०१५ सालच्या जून महिन्यात या चौघांत पाचवा पाहुणा आला. राज्य वन्यजीव मंडळानं एका फुलपाखराला राज्य फुलपाखराचा मान दिला. असा मान देणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. पण या पाचव्याचं नाव विचारलं, की मराठी माणूसही उत्तर देतो, ‘ब्ल्यू मॉर्मन’.

हे फुलपाखरू तुम्ही नक्की पाहिलेलं असणार. मखमली काळे पंख, मागच्या पंखांवर फिकट निळ्या रंगाचा रुंद पट्टा आणि त्यावर काळे ठिपके. पंख पसरले की बारा ते पंधरा सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ तळहाताएवढं. सह्याद्रीत ते आहेच, पण आमच्या ट्रॉम्बे-चेंबूरकडेही पावसाळ्यात आणि त्यानंतर जास्वंदीवर, घाणेरीवर, एक्झोऱ्यावर हमखास दिसतं. पटकन येतं, घाईघाईनं मध घेतं आणि वाकडंतिकडं उडत निघून जातं.

आता यात मॉर्मन कुठून आला? मॉर्मन हा अमेरिकेतला एक ख्रिस्ती पंथ. एकोणिसाव्या शतकात या पंथातले काही पुरुष एकापेक्षा अधिक बायका करत. १८९० साली पंथानं ही चाल अधिकृतपणे सोडली. आपल्याकडे ‘कॉमन मॉर्मन’ नावाचं एक काळं फुलपाखरू आहे. त्याचा नर एकाच रूपाचा, पण मादी तीन रूपांत आढळते. एक रूप नरासारखं, तर उरलेली दोन ‘कॉमन रोझ’ आणि ‘क्रिमझन रोझ’ या दुसऱ्याच फुलपाखरांसारखी. या दोघांच्या अळ्या ईश्वरीसारख्या विषारी वेलींवर वाढतात, म्हणून पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. त्यांचं सोंग घेतलं की मादीचाही जीव वाचतो. एका नराच्या तीन तऱ्हेच्या बायका पाहून हिंदुस्थानातल्या इंग्रज निसर्गप्रेमींना मॉर्मन आठवले, असा उलगडा फुलपाखरांचे अभ्यासक हरीश गावकर यांनी केला आहे. या सोंगामागे ‘डबलसेक्स’ नावाचं एकच जनुक आहे, हे कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिलं.

गंमत पुढेच आहे. आपल्या निळ्या फुलपाखराची मादी असं कुठलंच सोंग घेत नाही. ती बरीचशी नरासारखीच दिसते. म्हणजे भाऊबंदाच्या संसारावरून पडलेलं नाव याच्या कपाळी आलं! शिवाय २०१८ पासून त्या पंथाच्या प्रमुखांनीच आपल्याला मॉर्मन म्हणू नका, असं जगाला सांगितलं आहे. ज्यांचं नाव, त्यांनाही ते नको आणि फुलपाखराला ते लागू नाही.

मग मराठीत काय म्हणावं? दोन नावं समोर आहेत. २०१५ च्या निर्णयानंतर ‘राणी पाकोळी’ हे नाव वर्तमानपत्रांतून आलं. नाव गोड आहे, पण अडचण अशी, की पाकोळी म्हटल्यावर पक्षी पाहणाऱ्याला पक्षी आठवतो. ताडाच्या झाडावर घरटं करणारी ताडपाकोळी आपल्याला ठाऊक आहेच. आणि नरालाही राणी म्हणायचं, तर तेही चमत्कारिकच. पुढे राज्य जैवविविधता मंडळानं फुलपाखरांना मराठी नावं देण्याचं काम केलं. त्यात याचं नाव झालं ‘नीलवंत’. मला हे नाव अधिक पटतं. डोळ्यांना जे दिसतं, तेच ते सांगतं. शिवाय पशुपक्ष्यांची भाषा शिकवणाऱ्या निळावंतीची कथा ज्यानं ऐकली आहे, त्याच्या कानाला ते परकंही वाटत नाही.

पण चांगलं नाव दिलं म्हणजे ते चालतंच, असं नाही. याचं उदाहरण आमच्याच गावाचं. ट्रॉम्बेचं मूळ नाव तुर्भे. परक्यांच्या जिभेवर त्याचं ट्रॉम्बे झालं. जुन्या कागदपत्रांत तुर्भे असलं, तरी बोलण्यात ट्रॉम्बेच राहिलं. खाडीपलीकडे नवी मुंबईत दुसरं तुर्भे आहे, त्यामुळे ट्रॉम्बे म्हटलं की घोटाळा टळतो. उलट, इथल्या अणुसंशोधन केंद्राला १९६७ साली होमी भाभांचं नाव मिळालं, आणि ते सर्वांनी उचललं. फाटकावर, पत्रावर, नोकरीच्या जाहिरातीत तेच नाव होतं. म्हणजे नाव टिकायला दोन गोष्टी लागतात. ते दुसऱ्या कशाशी गोंधळ करणारं नसावं, आणि रोजच्या जागी नजरेला पडावं. नीलवंत पहिल्या कसोटीला उतरतो. दुसरी कसोटी आपल्या हातात आहे. बागेतल्या पाटीवर, शाळेतल्या तक्त्यावर, मुलांशी बोलताना तो आला पाहिजे.

हा केवळ भाषेचा हट्ट नाही. नीलवंताची मादी लिंबू, पपनस, माकडलिंबू अशा झाडांच्या पानांवर एकेक अंडं घालते. त्यातून अळी निघते आणि पानं खाते. तिला डिवचलं, तर डोक्यामागून एक दुपाखी मांसल शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. आपण ती पाहतो, ‘कीड लागली’ म्हणतो आणि औषध मारतो. मोठ्या फुलपाखराला मानाचं नाव, पण त्याच्या पोराला फक्त कीड! ‘ही नीलवंताची अळी’ असं एकदा तोंडातून गेलं, की हात जरा थांबतो. कुंडीतल्या लिंबाची दहा-वीस पानं गेली, तर झाड मरत नाही. त्याला नवी पालवी फुटते. फवारणी मात्र ती अळी, शेजारच्या फुलावरची मधमाशी आणि अळीवर जगणारा पक्षी, सगळ्यांनाच बाधते.

तेव्हा येत्या पावसाळ्यात खिडकीबाहेर ते मोठं काळं-निळं फुलपाखरू दिसलं, तर शेजारच्या मुलाला मोठ्यानं सांगा, ‘तो बघ नीलवंत!’ आणि लिंबाच्या पानावर अळी दिसली, तर तिलाही त्याच घरची समजा. शेकरू आणि हरियाल ही नावं कुणा मंडळानं आपल्याला शिकवली नाहीत, ती माणसांनी बोलून टिकवली.