मुद्देमालाची बोली

पोलीस ठाण्याच्या मागच्या भिंतीशी सडत पडलेल्या दुचाकी पाहिल्या नाहीत, असा माणूस महाराष्ट्रात सापडणं कठीण. आरसे गेलेले, सीट फाटलेली, टायर मातीत रुतलेले. मग कधीतरी स्थानिक वर्तमानपत्रात चार ओळींची नोटीस येते: बेवारस वाहनांच्या मूळ मालकांनी कागदपत्रांसह ठाण्यात संपर्क साधावा, अन्यथा वाहनांचा जाहीर लिलाव केला जाईल. ही नोटीस वाचली की कुणाच्या तरी डोळ्यांपुढे दहा हजारांतली बुलेट उभी राहते. ती बुलेट बहुधा तिथे नसते, आणि असलीच तरी ती घरी नेऊन रस्त्यावर आणणं ही वेगळीच लढाई असते.

चोरीची गाडी पोलिसांना सापडली तर मालक तिला न्यायला का येत नाही? कारण साधं आहे. विमा असेल तर कंपनीने भरपाई दिलेली असते आणि गाडीवरचा हक्क तिच्याकडे गेलेला असतो. विमा नसेल तर न्यायालयात अर्ज, वकील, बंधपत्र, सुपूर्दनामा या साऱ्याचा खर्च दहा वर्षं जुन्या स्कूटरच्या किमतीपलीकडे जातो. खटला संपेपर्यंत मुद्देमाल जपायचा म्हणून पोलीस तो सांभाळतात. सांभाळतात म्हणजे उन्हापावसात ठेवतात.

सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली ‘सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य’ या प्रकरणात यावरच बोट ठेवलं. त्या खटल्यातले आरोपी खुद्द पोलीस होते! ठाण्यातला मुद्देमाल बदलून बनावट वस्तू ठेवणं, तिथल्या रकमेचा अपहार आणि खटला चालू असताना जप्त मालाचा परस्पर लिलाव, असे आरोप त्यांच्यावर होते. माल ठाण्यात जितका जास्त काळ पडून राहील तितक्या अशा वाटा फुटणार, हे ओळखून न्यायालयाने सांगितलं: पंचनामा करा, छायाचित्रं काढा, बंधपत्र घेऊन माल परत द्या. वाहनावर मालक, विमा कंपनी किंवा अन्य कुणीच हक्क सांगत नसेल, तर लिलावाचा आदेश द्या. हा निर्णय वाहन न्यायालयापुढे आल्यापासून सहा महिन्यांत व्हावा. या निकालानंतरही ठाण्यांची आवारं भरलेलीच राहिली. माझ्या मते दोष कायद्याच्या शब्दांत कमी आणि अर्ज पुढे सरकवणाऱ्या हातांत जास्त आहे.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 497 मध्ये मुदती थेट लिहिल्या आहेत. न्यायालयाने मालाचं वर्णन 14 दिवसांत तयार करायचं, छायाचित्रं किंवा चित्रीकरण करून घ्यायचं आणि त्यानंतर 30 दिवसांत मालाचं काय करायचं याचा आदेश द्यायचा. मालक अज्ञात असेल तर मात्र उद्घोषणा काढून सहा महिने वाट पाहण्याची जुनी रीत कायम आहे. नाशवंत किंवा दहा हजार रुपयांहून कमी किमतीचा माल त्याआधीही विकता येतो.

लिलावाच्या दिवशी समोर असतात ते मुख्यतः भंगारवाले. अनेक नोटिसांत सगळी वाहनं एकगठ्ठा, ‘जसे आहे जेथे आहे’ तत्त्वावर विकली जातात आणि बोलीआधी अनामत भरावी लागते. एकच गाडी हवी असलेल्या हौशी ग्राहकाला तिथे जागा उरत नाही. भंगारवाला लोखंडाचा भाव धरून बोलतो आणि बरेचदा तोच भाव खरा असतो.

वस्तूपेक्षा नावालाच किंमत आली, असेही लिलाव झाले आहेत; पण ते पोलिसांचे नव्हेत, तस्करांची मालमत्ता जप्त करणाऱ्या ‘साफेमा’ यंत्रणेचे. डिसेंबर 2015 मध्ये मुंबईत दाऊद इब्राहिमची जुनी ह्युंदाई ॲक्सेंट 32,000 रुपयांना गेली आणि ती घेणारे हिंदू महासभेचे नेते स्वामी चक्रपाणी यांनी ती गाझियाबादला नेऊन जाळली. जानेवारी 2024 मध्ये खेड तालुक्यातल्या मुंबके गावातल्या त्याच्या कुटुंबाच्या जमिनीचा एक तुकडा, राखीव किंमत 15,440 रुपये, थेट 2 कोटी 1 लाखाच्या बोलीला पोचला. याला खरेदी म्हणणं अवघड आहे. ही जाहिरातच.

तुम्हाला जाहिरात नको, गाडीच हवी असेल, तर नोटीस आधी नीट वाचा. वाहन भंगार म्हणून विकलं जात असेल तर ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही. वापरासाठी विकलं जात असेल, तर इंजिन आणि चेसिस क्रमांक यादीशी स्वतः ताडून बघा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 57 नुसार गाडी ताब्यात आल्यापासून 30 दिवसांत नमुना 32 मध्ये आरटीओकडे अर्ज करावा लागतो. नंबर खोटा निघाला किंवा नंबरच नसला, तर नवा नंबर आधी लिलाव करणाऱ्या सरकारी खात्याच्या नावावर पडतो आणि मग तुमच्या. म्हणून विक्रीचा सही-शिक्क्याचा दाखला आणि लिलावाला मंजुरी देणाऱ्या आदेशाची प्रमाणित प्रत हातात पडल्याशिवाय गाडी ठाण्याच्या फाटकाबाहेर काढू नका.