रूम पाहिजे!

कॉलेजला नंबर लागला की घरी पेढे वाटले जातात. पण पेढ्याचा डबा रिकामा व्हायच्या आत एक प्रश्न दारात उभा राहतो, ज्याच्यापुढे एम-थ्रीचा पेपरसुद्धा सोपा वाटावा. पोरगा राहील कुठं?

मी घाटंजी तालुक्यातल्या एका खेड्यातला. सध्या फायनल इयरला आहे. चार वर्षांत तीन रूम बदलल्या. एकदा बयाना बुडाला, एकदा डिपॉझिट. मित्र म्हणतात, या विषयात तुझी पीएच.डी. झाली, आता थीसिस लिही. तोच हा थीसिस. पुढच्या वर्षी येणाऱ्या ज्युनिअर्सनी आणि त्यांच्या आईबाबांनी तो वाचावा ही विनंती.

यवतमाळात कसलं आलं महाग?

पुण्याला गेलेले आपले मित्र असं म्हणून हसतात. सदाशिव पेठेत त्यांना अख्खी रूम नाही, एक कॉट भाड्यानं मिळते. 'कॉट बेसिस' हा शब्दच तिथला. त्यांच्या एका कॉटच्या पैशात यवतमाळात रूम मिळते हे खरं. पण महाग की स्वस्त हे भाड्याच्या आकड्यावर ठरत नाही, तो आकडा कोणाच्या खिशातून जातो त्यावर ठरतं.

शहराच्या मधोमध, म्हणजे दत्त चौक आणि बसस्टँडच्या आसपास, सगळं हाताशी असतं. मेस, झेरॉक्स, क्लासेस, दवाखाना, गावाकडची एसटी. म्हणून तिथल्या रूमवर सगळ्यांचाच डोळा. आपण इंजिनिअरिंगवाले, मेडिकलवाले, अमोलकचंदवाले, आणि पोलीस भरती किंवा स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे. रूम तेवढ्याच आणि पोट्टे चौपट. मग घरमालक म्हणेल ते भाडं.

कळंब, बाभूळगाव, नेरकडचे पोट्टे अपडाउन करून निभावतात. वणी आणि उमरखेड पडतात शंभर किलोमीटरच्याही पुढं. त्यांना रूमशिवाय इलाज नाही.

डिपॉझिट ऑगस्टात, कापूस दिवाळीला

पहिल्या वर्षी बाबा आणि मी ऑगस्टमध्ये रूम पाहायला आलो. एक पसंत पडली. बाबांनी ५०० रुपये बयाना दिला. पावती मागायची त्यांना लाज वाटली. तीन दिवसांनी सामान घेऊन आलो तर रूम दुसऱ्याला गेलेली. "तुम्ही येता की नाही, मले काय माहीत?" एवढंच उत्तर. ती रात्र गावातल्या एका ओळखीच्या माणसाकडं काढली.

दुसऱ्या दिवशी दुसरी रूम. मालक म्हणाले, "भाऊ, दोन महिन्यांचं डिपॉझिट आन् चालू महिन्याचं भाडं. आज द्या, नाही तं उद्या दुसरा तयार आहे." ४,००० आणि २,००० मिळून ६,००० रुपये. बाबांनी बाहेर जाऊन दोन फोन केले आणि हातउसने पैसे उभे केले. कापूस निघाल्यावर देतो, या बोलीवर.

आपल्या जिल्ह्यातल्या बहुतेकांची गोष्ट हीच आहे. जूनमध्ये बियाणं, खत आणि मजुरीत होतं नव्हतं ते संपतं. पहिला वेचा निघतो दसरा-दिवाळीच्या सुमारास. ॲडमिशन आणि डिपॉझिट मात्र नेमकं मधल्या कोरड्या महिन्यांत येतं. म्हणजे आपली अडचण कधीकधी पैसे नसण्याची नसते, पैसे तीन महिने उशिरा येण्याची असते. हे मला चौथ्या वर्षी कळलं. त्यावर उपायही सोपा आहे: विचारायचं. "काकू, निम्मं डिपॉझिट आता देतो, निम्मं दिवाळीनंतर. लिहून देतो." दहातले काहीजण नाही म्हणतील. पण आम्ही तर एकालाही विचारलं नव्हतं.

भाडं कमी म्हणजे स्वस्त?

आपलं कॉलेज लोहाऱ्याला, एमआयडीसीत. चौकापासून चार-पाच किलोमीटर. आता गणित मांडू. समजा चौकात रूम माणशी २,००० ला आहे आणि लोहाऱ्याकडं १,३०० ला. फरक ७००. चौकातून ऑटोनं जाण्या-येण्याचे दिवसाला ४० रुपये धरा, महिन्याचे २४ दिवस, झाले ९६०. म्हणजे चौकातली रूम खरं तर १,६६० रुपयांनी महाग.

पण लोहाऱ्याला राहून संध्याकाळी महिन्याचे २० दिवस चौकात क्लासला जायचं असेल तर त्याचे ८०० निघाले. फरक उरला ८६०. आणि सायकल असेल तर दोन्हीकडचं ऑटोभाडं शून्य, फरक पुन्हा ७००. एकाच दोन रूम आणि उत्तरं तीन! म्हणून रूम पाहायच्या आधी आपण आठवड्यातून कुठं किती वेळा जातो ते कागदावर लिहा. मी लिहिलं तेव्हा लक्षात आलं, मी चौकात फक्त रविवारी जातो. आणि त्यासाठी वर्षभर चौकाचं भाडं भरत होतो.

पाणी, वीज आणि पत्रे

यवतमाळात रूम पाहताना पहिला प्रश्न भाड्याचा नको, पाण्याचा हवा. २०१८ चा उन्हाळा इथल्या कोणालाही विचारा. शहराला पाणी देणारे निळोणा आणि चापडोह हे दोन्ही प्रकल्प आटले होते. नळ कित्येक दिवसांनी एकदा यायचा, टँकरपुढं ड्रमांच्या रांगा लागायच्या. बेंबळ्याचं पाणी शहरात आणण्यासाठी अमृत योजनेतून जलवाहिनी टाकायचं काम त्याच काळात सुरू होतं. तेव्हापासून जुने भाडेकरू रूम पाहताना आधी टाकी पाहतात. विचारायचं ते असं: नळ किती दिवसांनी येतो? बोअर आहे का, आणि ती मे महिन्यात चालते का? टाकी किती लिटरची आणि किती जणांत? टँकर आणला तर पैसे कोणाचे? ही उत्तरं मालकापेक्षा आधीच्या भाडेकरूकडून घ्या.

नंतर वीज. बऱ्याच ठिकाणी सबमीटर असतो आणि मालक युनिटला ठरावीक दर लावतात. त्यात दरवेळी लबाडीच असते असं नाही. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांचा आहे. १०० युनिटपर्यंत कमी, पुढं प्रत्येक टप्प्याला जास्त. मालकाचं घर आणि चार रूम एकाच मीटरवर असतील तर सगळ्यांचं मिळून बिल वरच्या टप्प्यात जातं. स्वतंत्र मीटर असलेली रूम थोडी महाग असली तरी परवडते ती याच कारणानं. कूलरचं गणित आपल्याला यायलाच पाहिजे: १५० वॅट, रोज १० तास, म्हणजे दीड युनिट. महिन्याला ४५. दर १२ रुपये धरला तर ५४० रुपये. आणि छत पत्र्याचं असेल तर एप्रिलमध्ये कूलर दहा तासांवर थांबत नाही! राहायला जाल त्या दिवशी मीटरच्या रीडिंगचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

कागद पाहिजेच

माझं डिपॉझिट 'रंगकाम' या एका शब्दात गेलं. भिंतीला पोपडे मी जायच्या आधीपासून होते. पण फोटो नव्हता, कागद नव्हता.

"अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही" असं सगळे सांगतात. महाराष्ट्रात ते खरं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ सांगतं की भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं उलट सिद्ध होईपर्यंत खरं मानलं जातं. भाड्याची पावती देणंही याच कायद्यानं मालकावर बंधनकारक आहे. आता दारात उभं राहून कायदा झाडला तर रूम मिळणार नाही हे मलाही कळतं. पण "काका, स्कॉलरशिपला करार लागतो" असं म्हटलं तर बरेच जण तयार होतात. आणि हे खोटंही नाही.

सरकारी वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. ती आली तेव्हा यवतमाळसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला ४३,००० रुपये ठरले: भोजन २५,०००, निवास १२,०००, निर्वाह ६,०००. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे, तिचं काम पांढरकवडा आणि पुसदच्या प्रकल्प कार्यालयांतून चालतं. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. बाहेर राहता हे दाखवायला भाडेकरार मागतात. म्हणजे करार न देणारी रूम २०० रुपयांनी स्वस्त असली तरी ती तुमचे हजारो रुपये घालवू शकते. मात्र हे पैसे हजेरी आणि मंजुरीनंतर येतात. त्यांच्या भरवशावर ऑगस्टचं डिपॉझिट भरता येत नाही. अटी आणि रक्कम बदलत असतात, तेव्हा अर्ज भरताना चालू वर्षाचं परिपत्रक पाहा.

पूर्ण नाव काय म्हणालास?

हे लिहू की नको असा विचार केला, पण लिहितो. माझा एक मित्र आणि मी एकाच गल्लीत रूम पाहत होतो. मला रूम दाखवली. मागून तो गेला, पूर्ण नाव विचारलं, आणि रूम 'आत्ताच गेली'. संध्याकाळी तिथंच 'रूम भाड्याने देणे आहे'ची पाटी तशीच होती. तो हसून म्हणाला, "चाल बे, दुसरी पाहू." मला हसता आलं नाही. त्या गल्लीत मीही रूम घेतली नाही. आपल्या मैत्रिणींना तर नावासोबत आणखी दहा प्रश्न असतात: किती वाजता येणार, कोण भेटायला येणार, फोन कोणाचा येतो. अशा वेळी एकट्यादुकट्यानं फिरण्यापेक्षा सीनिअरला सोबत न्या. सोबत कोणी असलं की दारं जरा सरळ उघडतात.

एक वही

यंदा झरी-जामणीकडचा एक फर्स्ट इयरचा मुलगा भेटला. बाबा पहिला वेचा विकून येतील म्हणाला. आम्ही दोघं तीन दिवस फिरलो. चौथ्या ठिकाणी मीच काकूंना म्हणालो, निम्मं आता, निम्मं दिवाळीनंतर. काकूंनी त्याच्याकडं पाहिलं, म्हणाल्या, "दे बापू दिवाळीनंतर. पन पानी जपून वापरजो." त्यांनी कागदावर सही केली, आम्ही मीटरचा फोटो काढला. दहा मिनिटांचं काम. माझ्या बाबांना यासाठी दोन फोन करावे लागले होते.

मित्रांनो, दरवर्षी फायनल इयरवाले रूम सोडून जातात आणि कुठं पाणी येतं, कोण डिपॉझिट परत देतं ही सगळी माहिती सोबत घेऊन जातात. म्हणून मी एक वही केली आहे. भाडं, पाणी, मीटर, करार मिळतो का, डिपॉझिट परत मिळालं का, एवढेच रकाने. आतापर्यंत बावीस रूम लिहून झाल्या. परीक्षा संपली की ती थर्ड इयरकडं देणार आहे. तुमची रूम सोडायच्या आधी त्यात एक ओळ लिहून जा.