हुंबर्लीच्या ओढ्यावर

पावसाची झड लागली की कोयनानगरजवळच्या हुंबर्लीत अंधार पडताच ओढ्यांच्या काठी आवाज सुरू होतात. पाण्यावर झुकलेल्या पानांवर बॅटरीचा झोत धरला की तपकिरी, सुरकुतलेल्या अंगाचा, जेमतेम दीड-दोन इंचांचा बेडूक दिसतो. हा हुमायूनचा रात्रबेडूक. 1955 साली भादुरी आणि कृपलानी यांनी या जातीचे वर्णन केले आणि पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअलींचे नाव तिला दिले.

बहुतेक बेडकांत नर मादीला पाठीमागून घट्ट मिठी मारतो आणि अंडी बाहेर पडेपर्यंत सोडत नाही. हा नर मिठीच मारत नाही. मादीच्या पाठीवर चढतो खरा, पण हात टेकतो पानावर किंवा फांदीवर. शुक्राणू तिच्या पाठीवर सोडून उतरतो. मादी काही वेळ निश्चल बसते, मग अंडी घालते. पाठीवरून आणि मागच्या पायांवरून ओघळलेले शुक्राणू अंड्यांपर्यंत पोचतात आणि फलन होते, तेही नर उतरून गेल्यावर! एस. डी. बिजू आणि सहकाऱ्यांनी रात्री जागून हे टिपले आणि 2016 मध्ये प्रसिद्ध केले. तोवर बेडकांच्या मीलनाच्या सहाच पद्धती नोंदलेल्या होत्या, ही सातवी. या जातीत मादीही साद घालते, आणि बेडकांत हे दुर्मीळच.

अंड्यांतून सुटलेली पिल्ले टपकन खालच्या पाण्यात पडतात. सगळीच तिथवर पोचत नाहीत. 2019 मध्ये कोयना परिसरातूनच वर्णन झालेला ठाकरे मांजऱ्या साप ही अंडी खातो.

पूर्वेला सांगलीच्या उसाच्या पट्ट्यात मोठ्या बेडकाची तऱ्हाच निराळी. पहिल्या दणक्या पावसात डबके भरले की नर लिंबासारखे पिवळेधमक होतात, गळ्याजवळच्या निळ्या पिशव्या फुगवून ओरडतात आणि साऱ्या वर्षाचा विणीचा कारभार थोड्याच रात्रींत उरकतात. याच बेडकाच्या तंगड्या एकेकाळी परदेशी ताटांसाठी जात. किडे खाणारा हा प्राणी शेतातून नाहीसा करू नका, असे सांगणाऱ्यांत अब्दुलअली होते. 1987 मध्ये निर्यात थांबली.

हुंबर्लीच्या बेडकाला मात्र वाहते पाणी आणि त्यावर झुकलेले पान, दोन्ही लागतात. म्हणून पावसाळ्यात ओढा साफ करताना काठची झुडपे तोडू नयेत. त्या पानांवर अंडी असतात.