एसएटीचा स्कोर पाठवायचा की नाही?

भिलाईत बारावीचं पोर म्हणजे जेईई, हे ठरलेलंच. पण आमच्या शेजारची मुलगी अमेरिकेतल्या कॉलेजांना अर्ज करतेय. परवा विचारत होती, "काका, एसएटीला १६०० पैकी १४०० आहेत. स्कोर ऐच्छिक आहे, तर लपवू का?"

म्हटलं, आधी नियम वाच. एमआयटीने २०२२ मध्ये आणि डार्टमथने २०२४ मध्ये स्कोर पुन्हा सक्तीचा केला. कॅलिफोर्निया विद्यापीठ प्रवेशासाठी तो बघतच नाही. बाकी बरीच कॉलेजं प्रवेश घेतलेल्यांपैकी मधल्या निम्म्या मुलांचे स्कोर कुठून कुठवर आहेत, ते छापतात. त्याच्या वरच्या भागात असशील तर बेलाशक पाठव. खाली असशील तरी लगेच घाबरू नको. तो आकडा फक्त स्कोर पाठवणाऱ्यांचा, म्हणून फुगलेला असतो. (फौजेत टेहळणीच्या खबरीत शत्रूही असाच फुगून यायचा!)

डार्टमथच्या अभ्यासात दिसलं, की साध्या परिस्थितीतल्या कित्येक मुलांनी फायद्याचे ठरले असते असे स्कोर लपवले. तिथे स्कोर शाळेच्या, परिसराच्या संदर्भात वाचतात. आपली शाळा त्यांना कुठली ठाऊक! १४०० मात्र कळतात.

तिने चार ठिकाणी पाठवायचं ठरवलंय, दोन ठिकाणी नाही.