उपग्रहाला हिरवं दिसतं, पण ते जंगल की कोकोची बाग?

जगातला निम्म्याच्या आसपास कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शेजारी देशांतून येतो. लागवड बहुतेक छोट्या शेतकऱ्यांची, आणि ती वाढवताना बरंच जंगल तुटलं. म्हणून युरोपियन युनियनने कायदा केला: ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरचा कोको युरोपात विकता येणार नाही. अंमलबजावणी लांबली असली, तरी तपासणीची तयारी सुरू झाली आहे. लाखो शेतं तपासायची, तर भिस्त उपग्रहांवरच येते.

हिरवेपणा कसा मोजतात?

हिरवी पानं लाल प्रकाश शोषतात आणि आपल्याला न दिसणारा निअर-इन्फ्रारेड प्रकाश परत फेकतात. या दोन आकड्यांची वजाबाकी भागिले बेरीज केली की 'एनडीव्हीआय' मिळतो. समजा निअर-इन्फ्रारेड ०.४५ आणि लाल ०.०५ आहे. मग ०.४० भागिले ०.५०, म्हणजे ०.८. ही झाली दाट झाडी. उघड्या मातीवर हाच आकडा ०.२ च्या आसपास असतो.

युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांचा डेटा मोफत मिळतो. साधारण दर ५ दिवसांनी तीच जागा पुन्हा टिपली जाते. एक पिक्सेल १० बाय १० मीटरचा, म्हणजे एका हेक्टरमागे १०० पिक्सेल.

मग अडतं कुठे?

कोको सावलीत वाढणारं झाड आहे. अनेक शेतकरी उंच झाडं तशीच ठेवून खाली कोको लावतात. वरून बघितलं तर जंगलही ०.८ आणि बागही ०.८! त्यात या पट्ट्यात ढगांमुळे कित्येक फोटो वाया जातात.

म्हणून तीन गोष्टींची जोड देतात:

- रडार: सेंटिनेल-१ स्वतःच्या लहरी सोडतो, त्या ढगांतून आरपार जातात. मात्र दाट झाडीत त्या बहुतेक वरच्या पानाफांद्यांवरूनच परततात.
- लेझर: अंतराळ स्थानकावरचं 'जेडी' उपकरण झाडांची उंची मोजतं. जंगल उंच, कोको त्यामानाने बुटका. पण ते सलग नाही, ठिपक्याठिपक्यांनी मोजतं.
- जुना इतिहास: जंगल साफ केलं की एनडीव्हीआय एकदम कोसळतो आणि बाग वाढताना हळूहळू चढतो. ती घसरण कधी झाली, हे जुन्या फोटोंतून कळतं.

शेवटी मशीन लर्निंग मॉडेलला शिकवायला प्रत्यक्ष शेतात जाऊन जीपीएसने नोंदवलेल्या हद्दी लागतातच. ईटीएच झुरिकच्या संशोधकांनी २०२३ मध्ये असाच नकाशा प्रसिद्ध केला. त्यानुसार संरक्षित क्षेत्रांतल्या जंगलतोडीपैकी आयव्हरी कोस्टमध्ये ३७ टक्क्यांहून अधिक आणि घानात १३ टक्क्यांहून अधिक तोडीमागे कोको होता.

मॉडेल चुकलं तर?

चूक दोन प्रकारची असते. तोडलेलं जंगल 'जंगलच' दिसलं, तर तोडणारा सुटतो. उलट, सावलीतली जुनी बाग २०२० च्या नकाशात 'जंगल' म्हणून रंगवली गेली, तर काहीही न तोडलेला शेतकरी गुन्हेगार ठरतो आणि त्याचा माल पडून राहतो. गंमत म्हणजे ज्याने झाडं जपली, त्यालाच हा धोका जास्त! उघड्यावर कोको लावणाऱ्याची बाग ओळखायला तुलनेने सोपी असते.

शिवाय ४ हेक्टरपर्यंतच्या शेतासाठी कायद्याला एकच जीपीएस बिंदू पुरतो. शेत जंगलाला लागून असेल, तर बिंदू थोडा सरकला तरी शेत नकाशात जंगलात जातं.

त्यामुळे नकाशातला लाल ठिपका 'इथे जाऊन बघा' एवढंच सांगतो. निकाल द्यायचा तर कुणीतरी त्या बागेत पाय ठेवायलाच हवा.