बसलेल्या लिथियम बॅटरीवर ‘लिक्विड’चा उतारा नाही

इलेक्ट्रिक स्कूटरची रेंज घटली की कुणीतरी हमखास सांगतं, ‘बॅटरी बदलू नका, आता लिक्विड निघालंय. ते टाकलं की बॅटरी नव्यासारखी!’ पुरावा म्हणून इलेक्ट्रोलाइटमध्ये, म्हणजे सेलमधल्या आयनवाहक द्रावात, थोड्या प्रमाणात मिसळायच्या अ‍ॅडिटिव्हवरच्या संशोधनाची बातमी दाखवली जाते. संशोधन खरं आहे. त्यातून काढलेला अर्थ साफ चुकीचा आहे आणि धोक्याचाही.

या समजाचं मूळ इन्व्हर्टरच्या बॅटरीत आहे. लेड-अ‍ॅसिड बॅटरीत चार्जिंगच्या वेळी पाण्याचं विघटन होऊन ते घटतं, म्हणून डिस्टिल्ड वॉटर भरावं लागतं. लिथियम सेलमध्ये मात्र पाण्याचा अंशही नको असतो. त्याच्या इलेक्ट्रोलाइटमधला लिथियम हेक्साफ्लुओरोफॉस्फेट हा क्षार हवेतल्या नुसत्या बाष्पानेही बिघडतो आणि हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो. हे विष कातडीतून आत शिरून हाडांपर्यंत पोचतं. गॅरेजमध्ये लिक्विड टाकण्यासाठी सेलला भोक पाडायला बसवलेल्या पोराला हे कुणीच सांगत नाही, याची चीड येते.

मग अ‍ॅडिटिव्ह करतं काय? कारखान्यात सेल पहिल्यांदा चार्ज होतो, तेव्हा ग्रॅफाइटच्या अ‍ॅनोडवर इलेक्ट्रोलाइटचा थोडा भाग विघटित होतो आणि त्याचा अतिशय पातळ थर बसतो. लिथियम आयन त्यातून ये-जा करतात, इलेक्ट्रॉन अडतात, त्यामुळे पुढचं विघटन मंदावतं. अशा थराचं वर्णन इमॅन्युएल पेलेड यांनी १९७९ मध्येच केलं होतं. व्हिनिलीन कार्बोनेटसारखं अ‍ॅडिटिव्ह मुख्य द्रावकाच्या आधी स्वतः विघटित होतं आणि हा थर अधिक टिकाऊ करतं. म्हणजे त्याचं मुख्य काम सेल गिऱ्हाइकाच्या हातात येण्याआधीच उरकलेलं असतं.

कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठात जेफ डान यांच्या गटाने २०१९ मध्ये हजारो चार्ज-डिस्चार्ज फेऱ्या टिकणाऱ्या सेलचे निकाल प्रसिद्ध केले. बातम्यांत त्याची ‘दहा लाख मैलांची बॅटरी’ झाली. त्या सेलमध्ये अ‍ॅडिटिव्ह होतं, पण पहिल्या दिवसापासून, शिवाय कॅथोडचे कणही खास एकस्फटिकी होते. जुन्या सेलची गोष्ट वेगळी. त्यातलं बरंच लिथियम त्या वाढत गेलेल्या थरातच अडकून पडलेलं असतं. व्हिनिलीन कार्बोनेट ओतून ते सुटत नाही.

‘पण चीनमध्ये जमलंय ना?’ हो, फुदान विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये तसा प्रयोग मांडला. त्यांनी आत घातला तो लिथियमचा पुरवठा करणारा खास क्षार. तो आत विघटित होताना वायू सुटतात आणि ते बाहेर काढावे लागतात. आपल्या स्कूटरच्या सीलबंद सेलमध्ये ती सोय नाही.

अ‍ॅडिटिव्ह जास्त घातलं तर फायदाही जास्त, हेही खरं नाही: व्हिनिलीन कार्बोनेटचं प्रमाण दोनेक टक्क्यांपुढे नेलं की सेलचा अंतर्गत रोध वाढू लागतो. अ‍ॅडिटिव्हने रेंज वाढत नाही, आयुष्य वाढतं. सिलिकॉनच्या अ‍ॅनोडला फ्लुओरोइथिलीन कार्बोनेट हे अ‍ॅडिटिव्ह मानवतं, पण ते खर्च होत जातं आणि संपलं की क्षमता झपाट्याने ढासळते.

रेंज अचानक घटली असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये पॅकमधल्या प्रत्येक सेलगटाचं व्होल्टेज तपासून घ्या. ओळीने जोडलेल्या गटांपैकी एखादाच कमजोर झाला तरी बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम सगळा पॅक लवकर बंद करते.